सिएरा रोड, शून्य डॉलर: टूर ऑफ कॅलिफोर्नियाचं उशिरा लिहिलेलं परीक्षण

मी सगळ्यावर अभिप्राय लिहिते. प्रेशर कुकरच्या रबरावर लिहिलाय, एका पोळीभाजीवाल्या काकूंच्या आमटीवर लिहिलाय, घराच्या पन्हाळी साफ करायला आलेल्या माणसावरही लिहिलाय (पाच तारे, कारण न सांगता बूट दाराबाहेर काढून आला). पण अमेरिकेत आल्यापासून जी सेवा मी सर्वांत जास्त वर्षं वापरली, तीही एक पैसा न देता, तिच्यावर आजवर एक ओळ लिहिलेली नाही. ती बंद पडूनही सहा वर्षं उलटली.

आता लिहायला बसले ती भाच्यामुळे. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात टप्प्याटप्प्यांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, पुणे ग्रँड टूर. त्याने मला नव्याने डांबर टाकलेल्या रस्त्याचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, तू तिकडे चौदा वर्षं बघितलीस ना असली शर्यत? कशी असते? आणि ही आता दरवर्षी होणार का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर दिलं असतं. दुसऱ्यापाशी अडले.

तर, सेवेचं नाव: टूर ऑफ कॅलिफोर्निया. चालू काळ: २००६ ते २०१९. प्रकार: आठवडाभराची सायकल शर्यत, रोज एक टप्पा, सगळ्या टप्प्यांची वेळ मिळून ज्याची कमी तो विजेता. मी ती वापरली मुख्यतः सॅन होजेच्या पूर्वेला, आमच्या मिल्पिटासच्या शेजारी, सिएरा रोड नावाच्या घाटात. बाकीचं थोडं टीव्हीवर, थोडं गाडी हाकत जाऊन.

मी २००५ साली पुण्याहून इथे आले. एच-फोर व्हिसा, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला मागे बांधलेला डबा. नोकरीची परवानगी नाही, गाडीचं लायसन्स नाही. नवरा सकाळी आठला जायचा तो सातला उगवायचा. माझ्याकडे गराज सेलमधून वीस डॉलरला घेतलेली, पुढे टोपली असलेली एक लेडीज सायकल होती, आणि सबंध दिवस होता. पुण्यात मी रोज सायकलवर कॉलेजला गेलेली, तेव्हा सायकल चालवण्याचं कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते इथल्या रस्त्यांवर माझ्याशिवाय कुणीच सायकलवर भाजी आणायला जात नव्हतं याचं.

२१ फेब्रुवारी २००६, मंगळवार. दोन दिवसांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोत शर्यत सुरू झाल्याचं वाचलं होतं, आणि त्या दिवशीचा टप्पा मार्टिनेझहून सॅन होजेला येणार होता, तोही आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरावरून. मी पोह्यांचा डबा घेतला, पीडमाँट रोडपर्यंत सायकलवर गेले आणि तिथून पुढे सायकल ढकलत निघाले. सिएरा रोड साडेतीन मैलांत साधारण अठराशे फूट चढतो. पहिल्याच वळणावर कळतं की कात्रजचा जुना घाट त्याच्यापुढे सोसायटीचा रॅम्प आहे. गुरांची कुरणं, काटेरी तारा, फेब्रुवारीतलं पोपटी गवत, आणि खाली अख्खं खोरं मांडून ठेवल्यासारखं. अर्ध्या वाटेत एका ओळखी ना पाळखीच्या म्हाताऱ्या बाईने आपल्याजवळच्या घडीच्या खुर्च्यांतली दुसरी खुर्ची मला उघडून दिली. मी तिला पोहे दिले. तिने शेंगदाणे वेचून खाल्ले आणि बाकीचे तसेच ठेवले, पण तो मुद्दा वेगळा.

आता या सेवेत नेमकं काय मिळायचं, ते सांगते, कारण घरी टीव्हीवर बघणाऱ्यांना ते कळत नाही.

सपाटीवर उभं राहिलात तर तीन तास थांबून चाळीस सेकंद मिळतात. रंगीत वावटळ येते, जाते, आणि शेजारचा माणूस विचारतो, "झालं?" घाटात तसं नसतं. सपाटीवर सायकलवाला पुढच्याच्या पाठीमागे वारा चुकवत लपतो, त्याचे कष्ट वाचतात, म्हणून घोळका एकत्र राहतो. घाटात वेग इतका उतरतो की लपून फारसं साधत नाही. प्रत्येकाला आपलं वजन आपणच वर न्यावं लागतं. त्यामुळे खाली एक गठ्ठा असलेले शंभराहून जास्त लोक वर येईपर्यंत कापूस पिंजावा तसे सुटे होतात. तुमच्यासमोरून ते एकेक, दोनदोन जातात, आणि चालणाऱ्या माणसाला चार पावलं शेजारी धावता येईल इतक्या वेगाने.

सगळ्यात आधी हेलिकॉप्टर ऐकू येतं. मग हायवे पोलिसांच्या मोटरसायकली, मग पंचांची गाडी, मग एकाएकी सगळं शांत. त्या शांततेत आधी चेनची करकर येते आणि मग श्वास. श्वासाचा आवाज इतका मोठा असतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. पुढचे दहाबारा जण गेले की लोक टाळ्या थांबवतात, ही चूक. खरी गंमत शेवटी. वेगाचे राजे, जे सपाटीवर सगळ्यांना मागे टाकतात, ते जाड मांड्यांचे पहिलवान घाटात शेवटी एकत्र टोळी करून येतात. त्यांचा हिशोब एवढाच, की विजेत्याच्या वेळेच्या ठरावीक टक्क्यांच्या आत पोचलो तर उद्या पुन्हा उभं राहता येईल. ते गप्पा मारत असतात. एकाने आमच्या म्हातारबाईला डोळा मारला. आणि त्यांच्याही मागे ती गाडी, जिला ब्रूम वॅगन म्हणतात, म्हणजे झाडूगाडी. ज्यांनी हात टेकले त्यांना गोळा करत येणारी.

मला हे नवीन नव्हतं. लहानपणी बाबांनी मला खोपोलीच्या वर बोरघाटात मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला नेलं होतं. ते मला खांद्यावर घेऊन वळणाच्या कठड्याशी उभे होते. बाबांना पुण्याला पहिला कोण आला याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना घाटाचा राजा, म्हणजे घाट सर्वांत आधी चढणारा, बघायचा होता. इथे त्या किताबाला किंग ऑफ द माउंटन म्हणतात, पण घाटाचा राजा म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो माणूस उभा राहतो तो त्यात नाही.

त्या दिवशी खाली सॅन होजेत जॉर्ज हिंकॅपी जिंकला. आठवड्याअखेर फ्लॉइड लँडिस पहिला विजेता ठरला. संध्याकाळी नवऱ्याला मी हे इतक्या तावातावाने सांगितलं, की तो म्हणाला, "सहा महिन्यांत पहिल्यांदा तू मला दिवस कसा गेला ते सांगतेयस." या वाक्याला मी त्याच वेळी एक तारा देऊन टाकला होता.

पुढची तीन वर्षं मी सिएरा रोड चुकवला नाही. तो टप्पा २००७ ला येन्स फोइग्टने जिंकला, २००८ ला हॅमिल्टन आणि सिएरा असे दोन्ही डोंगर चढून तरणाबांड रॉबर्ट गेसिंकने. २००७, ०८, ०९ अशी लागोपाठ तीन वर्षं सबंध शर्यत सांता रोझात राहणाऱ्या लीवाय लाइपहायमरने जिंकली, त्यामुळे इथल्या लोकांना ती घरची वाटायला लागली. २००९ ला लान्स आर्मस्ट्राँग निवृत्तीतून परत आला आणि गर्दी अशी लोटली, की मला वाटलं चतुर्थीला सारसबागेत आले. सॅक्रामेंटोत त्याची टाइम ट्रायलची, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी पळायच्या टप्प्याची, सायकल टेम्पोतून चोरीला गेली आणि काही दिवसांनी सापडली. पुण्यात सायकल चोरीला गेली की ती परत येत नाही, हे मी आमच्या शेजाऱ्यांना अभिमानाने सांगितलं. त्या साली शर्यत नऊ दिवस चालली. हा आकडा लक्षात ठेवा.

फेब्रुवारी हा मात्र मोठाच दोष. कॅलिफोर्निया म्हटलं की लोकांना ऊन आठवतं. उत्तर कॅलिफोर्नियाचा फेब्रुवारी म्हणजे आपला आषाढ, फक्त भजी नाहीत. २००८ ला समुद्राकाठच्या हायवे वनवरून सॅन लुइस ओबिस्पोला जाणारा २०० किलोमीटरहून मोठा टप्पा संपूर्ण पावसात आणि समोरच्या वाऱ्यात झाला. टीव्हीवर ती माणसं बघून मी आलं घालून चहा टाकला आणि त्यांना देता येत नाही म्हणून स्वतःच दोन कप प्यायले. कॅनडाचा डॉमिनिक रोलाँ जिंकला. थंडीच्या प्रदेशातलाच जिंकणार.

म्हणून २०१० पासून शर्यत मे महिन्यात नेली. हवामानाचा प्रश्न बराचसा सुटला (बराचसाच, २०११ ला लेक टाहोचा पहिला टप्पा मे महिन्यात बर्फ पडल्यामुळे रद्द झाला). पण मेमध्ये इटलीची तीन आठवड्यांची जिरो असते. सायकल जगात तिचा मान मोठा. आपल्या घरचं लग्न आणि मुख्यमंत्र्यांच्या मुलाचं लग्न एकाच मुहूर्तावर काढलं तर जे होईल ते झालं. येणारे चांगलेच यायचे, पण आधी जो संच इथे हंगामाची सुरुवात करायला येई, तो अर्धा तिकडे गेला.

आता कडू भाग. शर्यतीच्या नावापुढे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एका कंपनीचं नाव होतं: अ‍ॅम्जेन. थाउजंड ओक्सची औषध कंपनी. तिचं सगळ्यात गाजलेलं औषध म्हणजे ईपीओ, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं. माझ्या सासूबाई पुण्यात डायलिसिसवर होत्या तेव्हा याच जातीचं इंजेक्शन त्यांना नियमाने मिळे. ते चुकलं की त्यांना जिना चढवत नसे, मिळालं की त्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या फोडणीत चुका काढत. म्हणजे औषध सोन्यासारखं. पण जे सासूबाईंना जिना चढवतं, ते निरोगी सायकलवाल्याला आल्प्स चढवतं, आणि नव्वदच्या दशकापासून या खेळाला त्याचीच वाळवी लागली होती. त्या औषधाच्या कंपनीच्या नावाची कमान आणि तिच्याखालून ही मंडळी जाणार! पहिल्या वर्षी मी हे नवऱ्याला समजावून सांगितलं तेव्हा तो पाच मिनिटं हसत होता.

पहिला विजेता लँडिस, त्याच वर्षी जुलैमध्ये टूर द फ्रान्स जिंकला आणि उत्तेजक चाचणीत सापडून ती गमावून बसला. २० मे २०१० ला, इथली शर्यत ऐन भरात असताना, त्याचे आरोप बाहेर आले: मी घेत होतो, आर्मस्ट्राँग घेत होता, इतरही घेत होते. सकाळी विसेलियात पत्रकारांनी आर्मस्ट्राँगला घेरलं. टप्पा सुरू झाला आणि थोड्याच वेळात तो पडून शर्यतीबाहेर गेला. २०१२ च्या ऑक्टोबरात आमच्या सांता रोझावाल्या लाइपहायमरनेही कबुली दिली. त्याची इथली तीन विजेतेपदं पुस्तकात तशीच आहेत. पण मी घाटात उभी राहून घसा फोडला होता, तो कुणासाठी, हे परत तपासून बघावं लागलं. इथे मी अख्खा एक तारा कापते. आणि तरी, लँडिसच्या आरोपांनंतरच्या मे महिन्यात, म्हणजे २०११ ला, गेलेच, हेही लिहून ठेवते.

गेले कारण १८ मे २०११ ला टप्पा संपणारच होता सिएरा रोडच्या माथ्यावर. इतकी वर्षं तो घाट वाटेत यायचा, त्या दिवशी तोच मुक्काम. आदल्या संध्याकाळी नवरा आणि त्याचे दोन मित्र रंगीत खडूचा डबा घेऊन गेले. सगळीकडे खेळाडूंची नावं लिहिलेली असतात. यांनी सगळ्यात अवघड चढावर, फूटभर उंच देवनागरी अक्षरांत लिहिलं: "घाट सुरू. वाहने सावकाश हाका." दुसऱ्या दिवशी त्या अक्षरांवर उभं राहून मी जे बघितलं, ते चौदा वर्षांतलं सर्वोत्तम. ख्रिस हॉर्नर, वय ३९, डोक्यावर केस नाहीत, एकटा आला. दात दिसत होते. ते हसू होतं की कळ, सांगता येईना. आदल्या दोन्ही वर्षी टूर द फ्रान्समध्ये दुसरा आलेला अँडी श्लेक त्याच्या मागे सव्वा मिनिटाने. एकोणचाळीस वर्षांच्या माणसाने हे करावं यावर संशय घ्यावा की टाळी वाजवावी? मी दोन्ही केलं. माझा चार वर्षांचा मुलगा नवऱ्याच्या खांद्यावर होता, बाबांच्या खांद्यावर मी असायची तसाच, आणि कुणीतरी टाकलेली पाण्याची बाटली गडगडत नेमकी आमच्या पायाशी आली.

त्या दिवशी माथ्यावर एका गाडीवर समोसे होते. आत बटाटा गार, बाहेर तेल गरम. हा शर्यतीचा दोष नव्हे, पण परीक्षणात जेवणाचा उल्लेख लागतो. डबा घरून न्या.

२०११ ते २०१५ हा या सेवेचा चांगला काळ म्हणेन. २०१३ ला सॅन होजेत ३१.६ किलोमीटरची टाइम ट्रायल झाली, आणि शेवट मेटकाफ रोडच्या उभ्या चढावर. २०१४ ला ब्रॅडली विगिन्स जिंकला. आणि २०१५ ला पीटर सगान! हा खरं म्हणजे सपाटीवरचा माणूस, कॅलिफोर्नियात त्याने कारकिर्दीत सतरा टप्पे जिंकले. त्याने माउंट बाल्डीसारख्या डोंगरावर स्वतःला कसंबसं ओढत नेलं आणि शेवटच्या दिवशी बोनसच्या सेकंदांवर (पुढे येणाऱ्यांच्या एकूण वेळेतून वजा होतात ते) सबंध शर्यत ३ सेकंदांनी जिंकली. आठ दिवसांनंतर ३ सेकंद. तेवढ्या वेळात आमच्या घरी दाराची कडी लागत नाही.

बायकांची टप्प्यांची शर्यत आयोजकांना २०१५ ला सुचली. दहाव्या वर्षी. तीही तीन-चार दिवसांची, आणि आमच्या सॅन होजेकडे तिचा टप्पा वळला नाही. १४ मे २०१७ ला इथला मातृदिन होता. घरच्यांनी विचारलं कुठे जेवायला जायचं. मी म्हटलं, सॅक्रामेंटोला. कॅपिटॉलभोवतीच्या फेऱ्यांचा शेवटचा टप्पा, आणि बर्कलेत शिकताना सायकल शर्यतीला लागलेली केटी हॉल आघाडीवर. ऑलिंपिक विजेती आना व्हॅन डर ब्रेगन हिने मधल्या स्प्रिंटचे (वाटेतल्या एका रेषेपर्यंतच्या वेगाच्या चुरशीचे) बोनस सेकंद खिशात घातले आणि सबंध शर्यत १ सेकंदाने घेतली. एक! माझ्या शेजारी आठनऊ वर्षांची एक मुलगी रडायला लागली, तिच्या आईला कळेना काय झालं. मला कळलं होतं. पुढच्या वर्षी हॉल जिंकली तेव्हा मला पहिल्यांदा त्या मुलीची आठवण झाली. बायकांच्या शर्यतीला माझ्याकडून पाच तारे, तिला इतके कमी दिवस देणाऱ्यांना दीड.

त्याच २०१७ ला शर्यत वर्ल्ड टूर या वरच्या श्रेणीत गेली. कागदावर बढती. पण बढतीबरोबर खर्च वाढतो हे कुठल्याही कारकुनाला विचारा. आणि दिवस? नवाचे आठ झाले होते, आठाचे आता सात झाले. ज्या दुकानात पाटी मोठी होते आणि फळ्यांवरचा माल कमी होतो, तिथे उधारी ठेवू नये, असं बाबा म्हणायचे. मला तेव्हा कळायला हवं होतं.

शेवटचं बघितलं ते मे २०१९ मध्ये, माउंट हॅमिल्टनवर, लिक वेधशाळेच्या पांढऱ्या घुमटांखाली. स्टॉकटनहून मॉर्गन हिलला जाणारा टप्पा. फ्रान्सचा रेमी काव्हान्या एकटा पुढे निघून गेला होता, त्याने तो टप्पा ७ मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला. तो गेल्यावर इतका वेळ कुणी येईना, की माझ्या मुलाने फोन काढला. मग घोळका आला, निवांत, काहीच न घडल्यासारखा. त्यात स्लोव्हेनियाचा वीस वर्षांचा एक मुलगा होता, तीन दिवसांनी तो माउंट बाल्डी जिंकला आणि मग शर्यतही. तादेय पोगाचार. पुढच्या वर्षी टूर द फ्रान्स, आणि त्यानंतर काय काय, ते जगाला माहीत आहे. २०१८ चा इथला विजेता एगन बर्नाल, त्यानेही पुढच्याच वर्षी टूर द फ्रान्स जिंकली. म्हणजे शर्यत मेली ती म्हातारी होऊन नाही. शेवटच्या दोन वर्षांत तिने जगाला दोन सर्वोत्तम पोरं दाखवली. पोगाचार माझ्यासमोरून दहा फुटांवरून गेला असणार. मला आठवत नाही. मी डब्याचं झाकण शोधत होते.

२९ ऑक्टोबर २०१९ ला जाहीर झालं की २०२० ला शर्यत होणार नाही. "स्थगित" असा शब्द होता. आपल्याकडे "थोड्याच दिवसांत नव्या जागेत" अशी पाटी लावून बंद होणाऱ्या दुकानांसारखा. मग कोविड आला, आणि स्थगितीचं कारण कुणी विचारेनासं झालं. ती परत आली नाही.

का? शर्यत चालवणारी कंपनी एईजी. स्टेडियमं, मैफली, आइस हॉकीचा संघ, फुटबॉलचा संघ, सगळं तिचं. या सगळ्याला दार आहे, दारावर तिकीट आहे, आत गेल्यावर बिअर आहे. सायकल शर्यतीला दार नाही. सबंध राज्यभर पसरलेला शेकडो मैलांचा मांडव, रोज सकाळी मोडायचा आणि रोज नव्या गावात उभा करायचा. रोज नव्या गावचे पोलीस, त्यांचा ओव्हरटाइम, शेकडो माणसांच्या खोल्या आणि जेवणं, यांतला मोठा भार यजमान शहराने उचलायचा, बाकी प्रायोजकाने. कॅलिफोर्नियात यांतलं काहीच स्वस्त नाही. कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं, की चौदा वर्षांपूर्वी जे गणित होतं ते आता बसत नाही. मी चौदा वर्षं त्या गणितात शून्य डॉलर घातले होते. पोहे घातले होते, पण ते त्यांच्यापर्यंत पोचले नाहीत.

अमेरिकेतल्या बाकीच्या मोठ्या शर्यती आठवून बघितल्या. कोलोरॅडोत १९७५ ला रेड झिंगर या चहाच्या नावाने सुरू झालेली, पुढे कूर्स बिअरची झाली, १९८८ ला संपली. टूर द ट्रम्प दोन वर्षांनी टूर ड्यूपाँट झाली, १९९६ ला संपली. जॉर्जियाची २००३ ते २००८, मिझुरीची २००७ ते २००९, कोलोरॅडोचीच दुसरी २०११ ते २०१५. एक शेठ, एक पाटी. शेठचं मन उडालं की पाटी उतरली. आणि न्यू मेक्सिकोत सिल्व्हर सिटी नावाच्या आडगावात १९८७ पासून टूर ऑफ द गिला भरते. कोविडची खाडा वर्षं सोडता टिकून आहे. ती मी पाहिलेली नाही, पण तिची चाल मला ओळखीची वाटते. तिच्यामागे गाव आहे. आपल्या जत्रेला वर्गणी घरटी असते, म्हणून एखादा शेठ रुसला तरी पालखी निघते, फार तर बँडवाले कमी येतात.

आता भाच्याला उत्तर. बाबा रे, दरवर्षी होईल का, ते रस्त्याच्या डांबराकडे बघून कळत नाही. दिवस वाढतायत की घटतायत ते बघ. कमानीवर किती नावं आहेत ते मोज. एकच असेल तर जाऊन फोटो काढून ठेव. आणि वाटेतल्या गावांतले लोक नुसते कठड्याला टेकून उभे आहेत, की कुणी पाणी, कुणी मंडप, कुणी शाळेचं मैदान दिलंय, ते बघून ये. दुसऱ्या प्रकारचे लोक दिसले तर मला कळव, मी पुढच्या जानेवारीचं तिकीट काढते. उभा राहशील तर चढावर, वळणाच्या आतल्या बाजूला नाही, बाहेरच्या. तीन तास आधी जा. झाडूगाडी जाईपर्यंत हलू नकोस.

एकूण गुण पाचपैकी साडेतीन. एक तारा इंजेक्शनांसाठी कापला, अर्धा बायकांसाठी.

त्या २०११ च्या बाटलीबद्दल राहिलंच. निळी आहे, संघाचं नाव घासून गेलंय, मुलगा कॉलेजला जाताना घरीच ठेवून गेला. मी तिने तुळशीला पाणी घालते. दाबली की बारीक धार नेमकी मुळाशी जाते, अशी झारी मला बाजारात मिळाली नाही. झाकणाशी थोडी गळते, म्हणून साडेचार.